होडीच्या तळात पाणी साचतंय?
उजनीच्या बॅकवॉटरला छोटी होडी घालत असाल तर 5 लिटरचा तेलाचा रिकामा कॅन बुडाकडून तिरका कापा, झाकण घट्ट लावा आणि दोरीनं होडीलाच बांधून ठेवा, मुठीला धरून तळापर्यंत खरवडून पाणी निघतं आणि हातातून सुटला तरी वाहून जात नाही. उरलेलं स्पंजनं टिपा. थोडंच आहे म्हणून सोडू नका हो, 20 लिटर म्हणजे 20 किलो, आणि होडी कलली की ते सगळं त्याच बाजूला पळतं, म्हणून उपसताना मधोमध खाली बसूनच उपसा. रोजच पाणी येत असेल तर होडी काठावर दोन लाकडांवर ठेवून कोरडी करा, आत बादलीभर पाणी ओता, बाहेरून जिथं थेंब धरतो तिथं चीर, लगेच खडूनं खूण करा.