पावसाळी सल्ला : कुंपणाला काटेकोरांटी लावताना

वळीव पडून जमीन निवली की रोपवाटिकांत कोरांटीची पिशवीतली रोपं दिसू लागतात. फूल नसताना सगळ्या कोरांट्या सारख्याच वाटतात, आणि आपण ती विकत घेतो नेमकी तेव्हाच. कुंपणासाठी हवी असेल तर पान बाजूला सारून पेर बघा. काटेकोरांटीच्या पानाच्या बगलेत दोन ते चार सरळ, फिकट काटे असतात, एक-दोन सेंटिमीटर लांबीचे. पानाचं टोकही बारीक काट्यात संपतं. पांढऱ्या-जांभळ्या कोरांटीच्या पेरावर असे काटे नसतात. तिचा काटेरीपणा फुलाखालच्या हिरव्या दातेरी आवरणापुरताच. ती अंगणात खुशाल लावा, पण कुंपण म्हणून तिचा उपयोग नाही.

ओढ्याकाठून किंवा भाताच्या खाचरातून काटेरी रोप उपटून आणलं असेल तर तो बहुधा तालिमखाना, म्हणजे कोळसुंदा. त्याचे काटे बरेच लांब, पेराभोवती गोल, आणि फूल निळं-जांभळं. काटेकोरांटीचं फूल पिवळं-केशरी. चार पाकळ्या वर, एक खाली, आणि दोन पुंकेसर लांब बाहेर आलेले. काही ठिकाणी हिलाच वज्रदंती म्हणतात. त्या नावावर रोपाची किंमत वाढवून सांगितली तर घासाघीस करा, झाड तेच आहे.

लावणीची वेळ मात्र कोल्हापूर जिल्हाभर एक नाही. हे मूळचं माळावरचं झाड, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात मृगाच्या सरींवर लावा, पण सपाट सरीत नको, वरंब्यावर. पंचगंगेचं पाणी जिथं दरवर्षी चढतं त्या नदीकाठच्या मळीच्या रानात लावूच नका. गगनबावडा, राधानगरीकडे आषाढातली झड कोवळ्या मुळांना कुजवते. तिकडे रोपं शेडखाली पिशवीत वाढवून पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदाच्या सुमारास लावलेली बरी.

रोपं विकत घ्यायचीच असं नाही. ना फार कोवळी, ना फार जून अशी वीतभर फांदी घ्या, तीन-चार पेरांची. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका द्या, खालची पानं काढा आणि दोन पेरं मातीत जातील अशी पिशवीत खोचा. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागानं पुरे. सावलीत साधारण महिन्याभरात मुळं धरतात. नुसते नवे कोंब बघून हुरळू नका; फांदी हलकेच ओढून बघा, घट्ट बसली असेल तरच पिशवीतून जमिनीत न्या.

कुंपणाला दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर बुंध्याशी भगदाड राहतं आणि शेरडं तिथूनच आत शिरतात. झाड छाती-कमरेएवढंच वाढतं, त्यामुळे गव्याला अडवायला याचा काही उपयोग नाही.

मोठी छाटणी फुलं सरल्यावर, माघ-फाल्गुनात करा. श्रावणानंतर कात्री चालवली तर थंडीतला बहर कमी येतो. चोचीसारख्या टोकाची बोंडं तपकिरी व्हायच्या आत काढून टाका. वाळली की तडकतात आणि बी लांब उडतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात हेच झाड बागेतून निसटून तण झालंय. आपल्या गायरानात पसरलं तर जनावरांची चराई जाईल.

पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध मारू नका. काटेरी अंगाच्या काळपट अळ्या बऱ्याचदा पॅन्सी फुलपाखरांच्या असतात, झाड पुन्हा फुटतं. पांढरा पिठ्या ढेकूण आला असेल तर मात्र ती फांदी तोडून टाका आणि लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी फवारा. पाणंदीच्या कडेला लावणार असाल तर दोन हात आत सरकवून लावा, उसाच्या ट्रॉल्या आणि शाळेची पोरं तिथूनच जातात.