हायलाइट्सवाल्या केसांवर घरी डाय लावला आणि रंग बिघडला, तर तो नीट कसा करायचा

लग्नसराई जवळ आली की आमच्या सांगलीत पार्लरमध्ये ही तक्रार हमखास येते. चार-पाच वर्षं हायलाइट्स, म्हणजे मधल्या काही बटा ब्लीचनं फिकट करणं, चालू असतं, मग कंटाळा येतो किंवा दर वेळी एवढे पैसे घालवायचे जिवावर येतं, म्हणून ब्राऊन रंगाचं एक पाकीट आणून घरीच सगळ्या डोक्याला लावून मोकळं व्हायचं, आणि केस वाळल्यावर बघावं तर मुळाशी लालसर, मधे काळंकुट्ट आणि टोकांना चक्क हिरवट झाक. मग घाबरून लागलीच दुसरं पाकीट आणलं जातं. खरं नुकसान होतं ते या दुसऱ्या पाकिटानं. पहिल्यानं बिघडलेलं बऱ्यापैकी सुधारता येतं, बरंचसं घरीसुद्धा, फक्त घाई करायची नाही.

आधी हे असं का झालं ते बघा, नाहीतर पुढचं काहीच नीट जमणार नाही. तुमच्या डोक्यावर सध्या एका जातीचे केस नाहीयेत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे ३० सेंटीमीटर लांब केस असतील तर टोकाचा केस दोन-अडीच वर्षांपूर्वी उगवलेला आहे आणि तेव्हापासूनचं सगळं ब्लीच, सगळं ऊन, सगळी इस्त्री त्यानं सोसलीय. मुळाशी मात्र कोरा केस आहे. ब्लीचनं केसातलं मूळचं रंगद्रव्य काढून घेतलेलं असतं आणि वरचा खवल्यांचा थरही उघडा पडलेला असतो, त्यामुळे असा केस, जुनी सुती साडी पाणी पिते तसा, रंग भसाभसा ओढून घेतो आणि पाकिटावर दाखवलाय त्यापेक्षा गडद होतो. आणि गंमत म्हणजे तोच केस चार धुण्यांत तो रंग सोडूनही देतो, कारण धरून ठेवायला आत काही उरलेलंच नसतं.

हिरवट का, तर ब्लीच केलेल्या केसात शेवटी पिवळा उरतो. ॲश ब्राऊन, म्हणजे राखाडी छटेच्या ब्राऊन शेडमध्ये निळ्याचा अंश असतो. पिवळ्यावर निळा पडला की काय होणार, हे शाळेतलं रंगकाम आठवलं तरी कळतं. खऱ्या तपकिरी रंगात लाल लागतो आणि तो लाल तर ब्लीचनं कधीच नेलाय. मुळाशी उलटं होतं. तिथं मूळचा रंग शाबूत असतो, डायमधल्या पेरॉक्साइडनं तो जरा उचलला जातो, म्हणजे फिकट होतो, टाळूच्या उबेनं हे काम आणखी जोरात होतं आणि आतला लाल-नारिंगी उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला टेकलेला असताना पंखा बंद करून डाय लावला तर मुळं जास्तच पेटतात.

पहिले दोन-तीन दिवस

एक अपवाद सोडून काहीही करू नका. अपवाद म्हणजे टाळूची आग होतेय, पुरळ आलंय किंवा पापण्या सुजल्यात. ही बहुतेक वेळा पीपीडी नावाच्या डायमधल्या घटकाची ॲलर्जी असते, काळ्या मेहंदीच्या बऱ्याच पाकिटांतही तो असतो. अशा वेळी रंगाचा विचार पूर्ण सोडायचा, भरपूर साध्या पाण्यानं केस धुवायचे आणि सांगली-मिरजेत जिथं जवळ पडेल तिथं त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. चेहरा-ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर लागलीच, थांबायचं नाही.

असलं काही नसेल तर केस पूर्ण वाळू द्या आणि सकाळी खिडकीत उभं राहून बघा. बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक ब्राऊन हिरवाच दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका. पाठीमागचे केस कुणाकडून तरी फोटो काढून बघा. मग एक बट वेगळी धरून मुळापासून टोकापर्यंत बोटं फिरवत न्या. साधारण दोन बोटं लालसर, मग हाताला अजून गुळगुळीत लागणारा काळा पट्टा, आणि जिथून केस खरखरीत लागायला सुरुवात होते तिथूनच शेवाळी रंग, असं तुम्हाला स्पष्ट दिसेल. रंग जिथं बदलतो तिथंच केसाचा पोतही बदलतो. हे पट्टे कागदावर लिहून ठेवा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

त्याच कागदावर गेल्या तीन वर्षांत केसांना काय काय लावलं तेही लिहा. मेहंदी, काळी मेहंदी, स्मूदनिंग, केरॅटिन, सगळं. मेहंदी लावली होती हे बायका सांगतच नाहीत, त्यांना वाटतं ती नैसर्गिक, तिचं काय एवढं. पण भेसळीच्या मेहंदीत धातूचे क्षार असू शकतात आणि त्यावर पेरॉक्साइड किंवा ब्लीच पडलं की केस गरम होतात, तुटतात.

केसात जीव आहे का ते बघायचं

धुतल्यावर ओला एक केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ताणा. थोडा ताणला जाऊन परत जागेवर आला तर ठीक. ताणलाच नाही आणि कट्कन तुटला तर केस कोरडा-कडक झालाय. चिकट लिबलिबीत होऊन ताणतच राहिला आणि परत आखडला नाही, तर त्या भागाला आता कुठलंही पेरॉक्साइडवालं काही लावायचं नाही, मग त्यावर अमोनिया फ्री लिहिलेलं असो की हर्बल. अमोनिया फ्री म्हणजे सौम्य असं नसतंय, त्यातही दुसरं अल्कली आणि पेरॉक्साइड असतंच. असली टोकं कापणं हाच त्यांचा इलाज आहे, आणि दोन इंच कापल्यावर निम्मा हिरवा प्रश्न तसाच निघून जातो, त्यामुळे मी हे आधी सुचवते.

फार गडद झालं असेल तर

डायनं डाय उजळत नाही. काळ्यावर हलक्या ब्राऊनचं पाकीट लावलं तर मुळं अजून लाल होतील आणि काळा भाग जिथल्या तिथं राहील, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. गडद रंग उतरवायचा तो धुऊनच. आणि रंग ताजा असताना तो जास्त उतरतो, म्हणून दोन-तीन दिवस झाले की लगेच या कामाला लागा.

क्लॅरिफाइंग, म्हणजे केसावर साठलेलं सगळं खरवडून धुणारा शाम्पू मिळाला तर तो, नाहीतर कोंड्याचा शाम्पू. कोमट पाण्यानं केस ओले करून फेस करा, पाच-सात मिनिटं ठेवा, धुवा आणि मग लांबीला जाड थरात कंडिशनर. एक दिवसाआड असं तीन-चार वेळा. रोज नको, केस आधीच दमलेत. धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल लावा, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी वाहून जातात. शिवाय तेलानंही थोडा रंग सुटतो, उशीला जुना टॉवेल घाला.

एवढ्यानं एखादी शेड फिकट होईल, त्यापेक्षा जास्तीची अपेक्षा धरू नका. याहून जास्त उतरवायचं तर कलर रिमूव्हर असतो, तो डायचे कण फोडून धुऊन काढतो, केसाचा मूळ रंग त्यानं परत येत नाही हे लक्षात ठेवा, खाली तोच पिवळा-नारिंगी निघेल. त्यानंतर भरपूर वेळ धुवावं लागतं, कमी धुतलं तर रंग परत गडद होतो. घरी ब्लीच मात्र अजिबात नको. चेहऱ्याचं ब्लीच क्रीम केसाला लावणारेही बघितलेत. लिंबू पिळून गच्चीवर उन्हात बसणं, खायचा सोडा चोळणं, हे सगळं खरखरीत झालेल्या केसाला अजून खरखरीत करतं.

आणि पाण्याचं बघा. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार उघड्या केसावर बसतात, रंग मळकट दिसतो, पाण्यात लोह असेल तर पितळी झाक येते. शेवटचा तांब्या तरी आरओच्या पाण्याचा घ्या. शाम्पूच्या घटकांत ईडीटीए लिहिलेलं असेल तर असा शाम्पू क्षार काढायला बरा पडतो.

हिरवट टोकं

हे घरी सगळ्यात चांगलं जमतं. हिरव्याला लाल मारतो, त्यामुळे जे हरवलंय ते परत द्यायचं. डेव्हलपर (डायमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड) न लागणारा, काही धुण्यांत उतरणारा सेमी-परमनंट रंग घ्या, कॉपर किंवा गोल्डन कॉपरमध्ये. हरभट रोडला किंवा विश्रामबागला कॉस्मेटिकच्या मोठ्या दुकानात विचारा, आणि दुकानदारानं भलतंच काही हातात दिलं तर पाकिटावरचा आकडा बघा. पॉइंटच्या आधीचा आकडा रंग किती गडद ते सांगतो, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे सगळ्यात फिकट, आपले मूळ केस बहुतेक १ ते ३ मध्येच असतात. पॉइंटनंतरचा आकडा छटेचा, बऱ्याच कंपन्यांत १ म्हणजे ॲश, ३ म्हणजे गोल्डन, ४ म्हणजे कॉपर. तुम्हाला ३ आणि ४ हवेत, १ कडं बघायचंसुद्धा नाही. जांभळा शाम्पूही नको, तो पिवळ्यासाठी असतो, हिरव्यावर त्याचा काही उपयोग नाही.

कानामागं थोडा रंग लावून ४८ तास बघा. मग मागच्या बाजूची आतली एक पातळ बट घेऊन तिच्यावर आधी करून बघा. रंग पांढऱ्या साध्या कंडिशनरमध्ये निम्मा-निम्मा मिसळा, स्टीलच्या वाटीत नको, प्लास्टिकची किंवा काचेची घ्या. टॉवेलनं टिपलेल्या दमट केसांवर फक्त हिरव्या भागाला लावा आणि दर तीन मिनिटांनी टिश्यूनं थोडं पुसून बघत राहा. हिरवा जाऊन मातकट ब्राऊन दिसायला लागला की लगेच धुवायचं, पाच मिनिटांतही होतं, दहाच्या पुढं सहसा जाऊ नका. ओला केस नेहमी गडद दिसतो, म्हणून त्या बटेचा निकाल ती वाळल्यावरच लावायचा आणि मगच बाकीच्या डोक्याला हात घालायचा.

कुणीतरी सांगेल की मेहंदी लावा, तीही लालच आहे. नको. ब्लीच केलेल्या केसावर ती भडक नारिंगी बसते आणि मग निघता निघत नाही.

रंग टिकतच नसेल, टोकं परत पिवळी पडत असतील तर रीतही हीच. आधी गोल्डन कॉपरनं टोकं भरून घ्यायची, धुऊन वाळवायची, मग त्यावर तुम्हाला हव्या असलेल्या रंगापेक्षा एक नंबर फिकट असा सेमी किंवा डेमी-परमनंट (सौम्य डेव्हलपरबरोबर लावायचा) ब्राऊन. एक नंबर फिकट यासाठी की तो केस रंग जास्तच ओढणार आहे.

मुळं लाल, बाकी गडद

इथं उलटा हिशोब, ॲशचा उपयोग इथं होतो, नारिंगीला निळा मारतो. लांबीच्या रंगाशी जुळणारा डेमी-परमनंट ॲश ब्राऊन घ्या, तो कमी ताकदीच्या डेव्हलपरबरोबर येतो. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, मुळांना गडद करायला दहाच्या वर कशाला जायचं. कागदावर मेहंदीची नोंद असेल तर आधी कापलेली एक बट डेव्हलपरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, ती गरम झाली, फेसाळली किंवा तिचा रंग बदलला तर तिथंच थांबा आणि पार्लर गाठा. कानामागची ४८ तासांची टेस्ट इथंही हवीच, आणि पातळ बटेवरही करून बघा.

लालसर पट्टा संपतो तिथून खाली सगळ्या लांबीला कंडिशनर थापून ठेवा म्हणजे रंग ओघळला तरी टोकांना लागणार नाही. केसांचे चार भाग करून चिमटे लावा आणि ब्रशनं फक्त त्या दोन बोटांवर लावा. मागच्या भागाला बहीण, जाऊ, शेजारीण, कुणालातरी बसवा. आपलं आपण मागं लावलं की पट्टे पडतातच, घरच्या डायचे निम्मे डाग मानेच्या वरच्या भागातच सापडतात. उरलेलं मिश्रण बाटलीत झाकून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते. टाकूनच द्या.

पार्लरला कधी यायचं

काळा रंग उतरवून परत हायलाइट्स हवेत, स्मूदनिंग केलेल्या केसावर हा घोळ झालाय, किंवा ओला केस लिबलिबीत लागतोय, तर घरी हात लावू नका. येताना तो कागद आणि वापरलेलं पाकीट घेऊन या. आम्हाला शेड नंबर दिसला की अर्धं काम सोपं होतं. काय लावलं ते लपवू नका, कुणी रागावणार नाही. आणि जिथं बटेवर टेस्ट न करता थेट अख्ख्या डोक्याला लावायला घेतात तिथून उठून या. एका बैठकीत सगळं होईल असं कुणी सांगितलं तरी जरा जपून, वर्षानुवर्षांच्या हायलाइट्सवरचा काळा रंग दोन-तीन बैठकांतच नीट निघतो, मधे काही आठवडे केसांना विश्रांती देऊन.

रंग एकसारखा झाल्यावर पहिले तीन दिवस शाम्पू नको. नंतर आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेल्या शाम्पूनं. इस्त्री फिरवायची असेल तर कमी तापमानावर. घरात हळदीचा कार्यक्रम असेल तर केसांना तेल लावून, वर बांधून, रुमालाखाली झाका, उघड्या पडलेल्या केसावर हळदीचा पिवळा फार घट्ट बसतो. पाच-सहा आठवड्यांनी मुळं दिसायला लागतील तेव्हा रंग फक्त नव्यानं आलेल्या केसालाच लावायचा. शेवटच्या पाच मिनिटांत तो कंगव्यानं टोकापर्यंत ओढायची जी सवय असते ती तेवढी सोडा, टोकं परत काळी पडतात ती तिथूनच.