सायटाराबिन: औषध शिकायचं ते केसपेपरवरून

फार्मडीच्या (औषधशास्त्राच्या पदवीच्या) इंटर्नशिपला हेमॅटोलॉजी, म्हणजे रक्तविकारांचा, वॉर्ड मिळाला की मुलं औषधांच्या याद्या घोकत बसतात. मी म्हणतो, एकटं सायटाराबिन हे ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, औषध घ्या आणि केसपेपरवरची प्रत्येक ऑर्डर त्याच्या रेणूवरून सोडवून बघा. मीही असंच शिकलो.

सायटाराबिन म्हणजे डीऑक्सिसायटिडिन या डीएनएच्या घटकाचा तोतया. बेस तोच, साखर मात्र अरॅबिनोज. असल्या साखरेचे न्यूक्लिओसाइड (बेस आणि साखरेची जोडी) आधी सापडले एका कॅरिबियन स्पंजात. औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९६९ मध्ये. पेशीत गेल्यावर त्याला तीन फॉस्फेट लागावे लागतात. पहिला लावतं डीऑक्सिसायटिडिन कायनेज. खरी मेख इथेच आहे, कारण हे एन्झाइम गमावलेल्या ल्युकेमियाच्या पेशी औषधाला दाद देत नाहीत. तिन्ही फॉस्फेट लागले की डीएनए जोडणारं एन्झाइम, पॉलिमरेज, फसतं, त्याला डीएनएत ओवतं आणि साखळी पुढे सरकेनाशी होते. अर्थात पेशी डीएनएची नक्कल करत असेल, म्हणजे एस-फेजमध्ये असेल, तरच.

आता एएमएल या तीव्र ल्युकेमियाची ऑर्डर वाचा: रोज १०० ते २०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, सात दिवस, चोवीस तास पंपावर, त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन हे कॅन्सरचं दुसरं औषध. हेच ते 'सेव्हन प्लस थ्री'. इतका वेळ पंप कशाला? सायटिडिन डिअमिनेज हे औषध भराभर निकामी करतं आणि सगळ्या पेशी काही एकाच वेळी एस-फेजमध्ये नसतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात हे एन्झाइम कमी, म्हणून औषध पाठीच्या इंजेक्शनातूनही देता येतं. मात्र त्यासाठी बेंझिल अल्कोहोलवाला डायल्युअंट (औषध विरघळवायचं द्रावण) अजिबात चालत नाही. लेबल स्वतः वाचा, सिस्टरांनी वाचलं असलं तरी.

हाच हिशेब जेमसिटाबिनला, म्हणजे डीऑक्सिसायटिडिनच्याच दुसऱ्या तोतयाला, लावू नका. ते अर्ध्या तासात द्यायचं. तासापलीकडे रेंगाळलं तर त्रास वाढतो.

हाय डोसला, म्हणजे एका वेळी १ ते ३ ग्रॅम प्रति चौरस मीटरला, औषध अश्रूंतही उतरतं, म्हणून स्टेरॉइडचे आय ड्रॉप्स. हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या लहान मेंदूवरही परिणाम होऊ शकतो. त्यासाठी पेशंटची रोज एकाच कागदावर सही घ्या. सही न येणाऱ्या मावशींना बोट नाकाला लावायला सांगा. सोबत क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, कारण किडनी मंदावली की हा धोका वाढतो. सही कालच्यापेक्षा वाकडी दिसली किंवा बोलणं जड वाटलं, तर पुढची बाटली लावू देऊ नका. आधी रेसिडेंटला फोन करा.