मिठाच्या लादीवर मटण-मासळी भाजताना या चुका टाळा

सैंधवाची, म्हणजे शेंदेलोणाची गुलाबी लादी गॅसवर तापवून तिच्यावर कोळंबी किंवा चिकन भाजणं अवघड नाही. तरीही लादी तडकते, चिकन खारट होतं, मासा चिकटून फाटतो. या तिन्ही तक्रारींचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं: लादीच्या पोटातलं, मासळीच्या अंगावरचं किंवा धुताना वापरलेलं.

लादी निवडताना

भाजण्यासाठी २० × २० सेंमीची आणि ४ ते ५ सेंमी जाडीची लादी घ्या. ५ सेंमी जाडीची लादी सव्वाचार किलोच्या आसपास भरते, त्यामुळे शेगडीचं स्टँड भक्कम हवं. दोन-अडीच सेंमीची पातळ फरशी सॅलड किंवा फळं मांडायला ठीक. आचेवर ती फार टिकत नाही. गुरांना चाटायला देतात ती वीट यासाठी अजिबात वापरू नका. तिच्यात मिठाबरोबर इतर खनिजं मिसळून दाबलेली असतात, ती माणसांच्या खाण्यासाठी नसते. ही गुलाबी लादी मूळची पाकिस्तानातल्या खेवडा भागातल्या खाणींची. मे २०२५ पासून तिकडची आयात बंद आहे, म्हणून हातात असलेली लादी जपायलाच हवी.

घाईने तापवणं

सगळ्यात जास्त लाद्या इथेच फुटतात. मिठाच्या स्फटिकांमध्ये बारीक ओल अडकलेली असते. एकदम मोठी आच दिली की तिची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि लादी फुटते. क्रम असा ठेवा: सर्वांत बारीक आचेवर २० मिनिटं, मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं, मग मोठ्या आचेवर १० ते १५ मिनिटं. एकूण पाऊण ते एक तास लागतोच. वरचा पृष्ठभाग २३० ते २६० अंशांवर यायला हवा. तापमापक नसेल तर पाण्याचा एकच थेंब टाका. तो चर्र होऊन लगेच उडून गेला पाहिजे. थेंब रेंगाळत बुडबुडत राहिला तर अजून थांबा.

बर्नर मोठाच घ्या, आच मात्र बारीक ठेवा. छोट्या बर्नरवर लादीचा मधला भाग तापून फुगतो, कडा गार राहतात आणि त्या ताणाने तडा जातो. इंडक्शनवर मीठ तापतच नाही. गरम ओव्हनमध्ये गार लादी सरकवणंही धोक्याचं. अंगणात चूल मांडून द्राक्षबागेतल्या छाटणीच्या वाळक्या काड्यांवर लादी तापवायचा मोह नाशिककरांना होतोच, पण त्या काड्या भडकून पेटतात आणि लगेच विझतात. लादीला स्थिर आच हवी. कोळशाचे निखारे राखेने पांढरे झाल्यावर एका बाजूने हळूहळू वाढवत न्या.

सुरुवातीला बारीक तडतड ऐकू येईल, पांढरट रेषा दिसतील. ते चालतं. आरपार गेलेली, नख शिरेल इतकी फट दिसली तर ती लादी पुन्हा आचेवर चढवू नका. आणि पावसाळ्यात विशेष जपा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. श्रावणात घरात सामिष बंद असतं, लादी ओट्याखाली पडून राहते आणि नेमके तेच नाशिकचे दमट दिवस. बाहेर काढल्यावर लादी ओलसर लागली तर दोन-तीन दिवस पंख्याखाली उभी ठेवा, आणि पहिल्यांदा तापवताना बारीक आच निदान अर्धा तास द्या. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत लादी आधी घरात ठेवून खोलीच्या तापमानाला आणा.

पदार्थ खारट का होतो

दोष मिठाला देऊ नका. लादी गार होती किंवा पदार्थ ओला होता. नीट तापलेल्या लादीवर अंगचं पाणी लगेच उडतं, मीठ विरघळायला वेळच मिळत नाही. कोमट लादीवर तेच पाणी साचतं, मीठ ओढतं आणि तुकडा त्यात शिजत राहतो.

मुंबईहून कसारा घाट चढून येणारी मासळी बर्फात असते. ती धुऊन, निथळून, दोन्ही बाजूंनी सुती फडक्याने टिपून कोरडी करा. मुरवणात मीठ घालू नका. तयार मसाल्याच्या पाकिटावरचे घटक वाचा, कारण बहुतेकांत मीठ असतं. काळा मसाला, लाल तिखट, आलं-लसूण पुरे. लिंबू, कोकमाचं आगळ किंवा वाइन ओतायची असेल तर भाजून झाल्यावर, ताटात. तेल लादीवर नको, तुकड्याला बोटाने पुसटसं लावा.

काय चालतं, किती वेळ

मोठी कोळंबी, काळा दोरा काढलेली: एका बाजूने २ मिनिटं. सुरमईची सव्वा सेंमी जाड तुकडी: एका बाजूने ३ मिनिटं, आतलं तापमान ६३ अंश. चिकनची बोनलेस मांडी ठोकून १ सेंमी करा. एका बाजूने ४ ते ५ मिनिटं, आत ७४ अंश आलेच पाहिजेत.

मटणाचे हाडासकट तुकडे इथे शिजणार नाहीत, त्यांचा रस्साच करा. रानाचं, म्हणजे मांडीचं, बोनलेस मटण अर्ध्या सेंमीच्या पट्ट्यांत कापा, पाव किलोला एक चमचा कच्च्या पपईचा लगदा चोळून तासभर ठेवा, मग लगदा पूर्ण पुसून एका बाजूने २ ते ३ मिनिटं भाजा. पपई जास्त वेळ राहिली तर मटण पिठूळ होतं. ओले बोंबील लादीवर टाकूच नका. त्यांच्या अंगात इतकं पाणी असतं की लादीवर चिखल होतो.

एका वेळी पाव किलोच टाका आणि पुढच्या खेपेआधी लादीला ५ मिनिटं द्या. तुकडा उलथण्याने सहज सुटत नसेल तर ओढू नका. खालून खरपूस झाला की स्वतःच सुटतो.

धुणं आणि ठेवणं

गरम लादीवर पाणी ओतलं की ती फुटतेच. गार व्हायला तीन-चार तास लागतात; तोवर हलवू नका. साबण नको, भिजत घालणं नको. कोरड्या घासणीने खरवडा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि जाळीवर उभी करून २४ तास वाळवा. त्याआधी पुन्हा तापवू नका. पूर्ण वाळल्यावर सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवा. वाळण्याआधी पिशवी बांधली तर ओल आतच कोंडते. गॅसच्या शेगडीवर सांडलेले मिठाचे कण त्याच दिवशी पुसा, नाहीतर बर्नर गंजतो.