फिल्टर कधी बदलायचा, ते पाण्याच्या नळीवर बघा

एएचयूचा (कारखान्यात हवा खेळवणाऱ्या यंत्राचा) फिल्टर फक्त तारीख बघून बदलला, तर कधी चांगला फेकला जातो, कधी तुंबलेला तसाच राहतो. गोव्यातली वेर्णाची औद्योगिक वसाहत असो वा कुंडईची, पावसाळ्यातल्या दमट हवेत तर तारखेचा भरवसाच नाही. फिल्टर तुंबत गेला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक वाढतो, तो असा मोजा.

१. मीटरभर पारदर्शक नळी 'यू' आकारात फळीवर बसवा, मागे मिलिमीटरची पट्टी लावा. अर्धी नळी रंगीत पाण्याने भरा.
२. एक टोक फिल्टरच्या आधी, दुसरे नंतर, पण पंख्याच्या अलीकडे जोडा. टोक डक्टच्या (हवेच्या वाहिनीच्या) आतल्या भिंतीशी सपाट हवे. आत घुसले तर वाऱ्याचा झोत आकडा बिघडवतो.
३. नवा फिल्टर बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक लिहून ठेवा. १ मिमी म्हणजे सुमारे १० पास्कल.
४. फरक उत्पादकाने दिलेल्या अंतिम दाबाला, म्हणजे दाबातल्या फरकाच्या कमाल मर्यादेला, पोचला की फिल्टर बदला.

पंख्याचा वेग तोच असताना आकडा अचानक उतरला तर खूश होऊ नका. फिल्टर फाटला असेल किंवा गॅस्केट (कडेची सीलपट्टी) सुटून हवा बाजूने जात असेल, म्हणजे धूळ थेट कामगारांच्या छातीत.

खरेदीच्या वेळी आयएसओ १६८९० या हवेच्या फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय मानकाची वर्गवारी विचारा. वेल्डिंगचा धूर बहुतांशी १ मायक्रॉनहून बारीक असतो, तिथे 'ईपीएम१' (१ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवणाऱ्या) गटाचाच फिल्टर घ्या. नुसता जाडसर प्रीफिल्टर तो अडवत नाही. आणि थिनरची वाफ कुठलाही धुळीचा फिल्टर रोखत नाही, त्याला सक्रिय कार्बनच लागतो.

जुना फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झाडून परत लावू नका, तंतू फाटतात.