सायकल हेल्मेटला व्हायझर हवा का? मूठ धरून मोजा, मग ठरवा

हेल्मेट घ्यायला दुकानात गेलात की दुकानदार आधी सायकल कोणती ते विचारतो. एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाइक) म्हटलं की पुढे पट्टी, म्हणजे व्हायझर, असलेलं हेल्मेट काढतो, रोड बाइक म्हटलं की बिनपट्टीचं. ढोबळमानाने हे बरोबर आहे. पण ठाणे-नवी मुंबईत एमटीबी आणि हायब्रिड (एमटीबी आणि रोड बाइकच्या मधली सायकल) घेतलेले बहुतेक लोक रोज डांबरी रस्त्यावरच चालवतात, त्यामुळे निव्वळ सायकलच्या नावावरून निर्णय घेऊन भागत नाही. तुम्ही सायकलवर किती वाकून बसता, तुमचा रस्ता कोणत्या दिशेला जातो, आणि तुम्हाला चष्मा आहे का, हे तीन प्रश्न जास्त महत्त्वाचे. त्यांची उत्तरं घरच्या घरी मिळतात. कशी, ते क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. व्हायझर म्हणजे सुरक्षेची जास्तीची पातळी नव्हे. डोकं वाचवतो तो हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा फोम. आदळल्यावर तो दबतो आणि धक्का स्वतः झेलतो. व्हायझरचं काम ऊन, पाऊस, चिखल आणि झाडांच्या फांद्या डोळ्यांपासून दूर ठेवायचं. म्हणून व्हायझर बघून हेल्मेट निवडू नका. आत लावलेल्या स्टिकरवर युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी मानक छापलेलं आहे का ते बघा, डोक्याचा घेर मोजून साइज घ्या, आणि मगच व्हायझरचा विचार करा.

पायरी १: हेल्मेट जागेवर बसवा

हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर यायला हवी. मागची चकती फिरवून घट्ट करा. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली ‘व्ही’ आकारात जुळले पाहिजेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवा. मान जोरात हलवली तरी हेल्मेट सरकता कामा नये.

ही पायरी पहिली का, हे ठाण्यात उपवन तलावाशी किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडला रविवारी सकाळी थोडा वेळ उभं राहिलात तर लगेच कळेल. व्हायझर डोळ्यांसमोर येतो म्हणून कितीतरी जण हेल्मेट मागे ढकलून घालतात, अगदी केसांची रेघ दिसेपर्यंत. पुढे तोंडघशी पडलं तर आधी आदळतं ते कपाळ, आणि नेमकं तेच उघडं राहतं. व्हायझरमुळे हेल्मेट मागे सारावं लागत असेल तर तो व्हायझर तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही छान दिसो. हेल्मेट जागेवर ठेवून पट्टी काढून टाका.

पायरी २: मुठीने कोन मोजा

हात पूर्ण लांब करून डोळ्यांसमोर मूठ धरली, की त्या मुठीची उंची नजरेच्या साधारण १० अंशांएवढी भरते. मूल असो वा मोठा माणूस, हात आणि मूठ त्याच प्रमाणात लहान-मोठी असल्यामुळे हे माप सगळ्यांना चालतं.

सायकल भिंतीला टेकवून उभी करा आणि घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा. हेल्मेट घालून सायकलवर बसा, हात नेहमीच्या जागी हँडलवर ठेवा आणि रस्त्यावर बघता तसं लांब समोर बघा. आता एक हात सोडून पुढे ताणा आणि नजरेच्या समोरच्या रेषेपासून वर मुठीवर मूठ मोजत जा. व्हायझरची कड कितव्या मुठीला लागते, तो आकडा लक्षात ठेवा.

सरळ हँडलच्या सायकलवर ताठ बसणाऱ्याची कड बरीच वर, अडीच-तीन मुठींवर लागेल. ड्रॉप हँडलवर, म्हणजे रोड बाइकच्या खाली वळलेल्या हँडलवर, वाकून बसलात तर पाठ आडवी होते, समोर बघायला मान वर उचलावी लागते, आणि तरीही व्हायझर नजरेच्या रेषेवर उतरतो. तिथे एक मूठसुद्धा जागा उरत नाही. रोड बाइकच्या हेल्मेटला व्हायझर नसतो त्याचं मुख्य कारण हेच. मान आणखी वर उचलत राहिलात तर दहा-पंधरा किलोमीटरनंतर मानेचा मागचा भाग भरून येतो.

पायरी ३: हाच आकडा उन्हाशी ताडून बघा

आपल्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १९ अंश उत्तरेला, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्य उगवल्यानंतर तासाभरात सुमारे १४ अंश वर येतो, दोन तासांत २८ अंश. हिवाळ्यात थोडा कमी. मुठीच्या भाषेत सांगायचं तर तासाभराने दीड मूठ, दोन तासांनी जवळपास तीन मुठी.

तुमच्या व्हायझरची कड तीन मुठींवर असेल तर याचा अर्थ नीट लक्षात घ्या: सकाळी साडेसहा-सातला निघून साडेआठला घरी परतणाऱ्याच्या वाट्याला येणारं सगळं ऊन त्या पट्टीच्या खालूनच येतं. ते अडवायला मान एक-दीड मूठ खाली घालावी लागते. ते जमतं, सवयही होते, आणि व्हायझरचा खरा उपयोग हाच आहे, की हनुवटी जराशी खाली केली की सूर्य झाकला जातो आणि चाकापुढचा रस्ता तरीही दिसत राहतो. पण अगदी उगवतीचा, क्षितिजाला टेकलेला सूर्य कुठलाही व्हायझर अडवत नाही. तिथे गॉगलच लागतो.

आता रस्त्याची दिशा बघा. ऐरोली पूल जवळपास पूर्व-पश्चिम आहे. सकाळी मुलुंडहून ऐरोलीकडे आणि संध्याकाळी ऐरोलीहून मुलुंडकडे जाताना सूर्य थेट समोर असतो. कामाला त्याच वाटेने जाणाऱ्यांना दोन्ही वेळा तोच त्रास. अशांना व्हायझर नक्की घ्या म्हणून सांगेन. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून रस्ता उत्तरेकडे जातो तोवर फारसं काही जाणवत नाही, पण गायमुख ओलांडल्यावर तो पश्चिमेला वळतो, आणि संध्याकाळी तिथे मावळतीचं ऊन तोंडावर येतं. ठाणे-बेलापूर रोड उत्तर-दक्षिण आहे, तिथे ऊन दोन्ही वेळा बाजूने येतं.

पाम बीच रोडचं थोडं वेगळं आहे. तो वाशीहून बेलापूरकडे आग्नेयेला उतरत जातो. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून दक्षिणेकडे सरकून उगवतो, त्यामुळे बेलापूरच्या दिशेने जाताना तो डाव्या डोळ्यासमोर येतो. मे-जूनमध्ये तोच सूर्य थेट डाव्या गालावर असतो, आणि बाजूच्या उन्हापुढे व्हायझर काहीही करू शकत नाही. त्या दिवसांत संध्याकाळी बेलापूरहून वाशीला परतताना मात्र सूर्य डावीकडून समोर येतो. म्हणजे एकाच रस्त्यावर व्हायझरची गरज ऋतूप्रमाणे सकाळ-संध्याकाळ बदलते. पट्टी काढता-घालता येणारं हेल्मेट घ्यावं असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

पायरी ४: वरचा सिग्नल दिसतो का?

ऊन अडवणारी पट्टी वरचं बाकी सगळंही अडवते. सिग्नल रस्त्यापासून साडेपाच मीटर उंचीवर टांगलेला आहे आणि तुमचे डोळे एक मीटर साठ सेंटिमीटरवर आहेत असं धरू. व्हायझरची कड तीन मुठींवर असेल तर तो सिग्नल सात मीटरवर पोहोचेपर्यंत दिसत राहतो, तोवर तुम्ही थांबण्याच्या रेषेजवळ आलेले असता. कड एका मुठीवर असेल तर तोच सिग्नल बावीस मीटरवरच नजरेआड होतो. ताशी २५ किलोमीटर वेगाला बावीस मीटर म्हणजे तीन सेकंद. ठाण्याच्या तीन हात नाक्यासारख्या ठिकाणी, जिथे चारी बाजूंनी गाड्या निघायला टपलेल्या असतात, तिथे तीन सेकंद आंधळेपणाने जाणं परवडणारं नाही.

म्हणून माझा ठोकताळा असा: कड दोन मुठींपेक्षा खाली येत असेल तर शहरात व्हायझर लावू नका. दोन ते तीनच्या मध्ये असेल तर उत्तम. काही व्हायझर वर-खाली सरकवता येतात. रहदारीत असताना ते वरच्या खाचेत ठेवा.

बाजूची नजरही तपासून घ्या. सीपीएससीच्या नियमानुसार हेल्मेटने दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंतची नजर मोकळी ठेवायला हवी. समोर बघत राहून दोन्ही हात कानांच्या रेषेपर्यंत पसरा आणि बोटं हलवा. ती हेल्मेटशिवाय जिथे दिसतात तिथेच हेल्मेट घालूनही दिसली पाहिजेत.

पायरी ५: ओढून बघा, पट्टी सुटते का

पडल्यावर हेल्मेट रस्त्यावरून घसरत गेलं तर बरं असतं. कुठेतरी अडकलं तर डोकं झटक्यात वळतं आणि मानेवर ताण येतो. पुढे आलेली कडक पट्टी अशी अडकू शकते, म्हणून ती जोर बसताच निघून आली पाहिजे. बहुतेक साध्या हेल्मेटमध्ये व्हायझर प्लास्टिकच्या दोन-तीन खुंट्यांवर दाबून बसवलेला असतो. हेल्मेट मांडीवर घ्या, व्हायझरची मधली कड पकडून वर ओढा. ‘टक्’ असा आवाज येऊन खुंटी भोकातून बाहेर यायला हवी. हाताने दमछाक होईपर्यंत ओढूनही ती निघत नसेल, किंवा निघताना प्लास्टिक तडकून टोकदार तुकडा हातात येत असेल, तर ते हेल्मेट परत ठेवा.

उलट पट्टी फार सैल असेल तर पेव्हर ब्लॉकवर ती खडखडत राहते आणि एखाद्या खड्ड्यात नजरेसमोर खाली येते. तीही नको.

घरी जुगाड करू नका. हेल्मेटला भोक पाडणं, स्क्रू मारणं, फेव्हिक्विकने पट्टी चिकटवणं, यातलं काहीही नाही. भोकाने आतला फोम कमकुवत होतो आणि काही गोंदांतलं रसायन त्याला खातं. अमेरिकी नियमात कंपनीने दिलेली प्रत्येक जोडणी लावून आणि काढून, दोन्ही तऱ्हांनी हेल्मेटला चाचणी पार करावी लागते. आपण घरी चिकटवलेल्या पट्टीची चाचणी कुणी केलेली नसते.

पाऊस आणि चष्मा

चष्मा लावणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण त्यांच्यासाठी हिशेब बदलतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चष्म्याच्या काचेवर थेंब बसले की समोरून येणाऱ्या गाडीचा प्रत्येक दिवा फुटून पसरतो आणि खड्डा दिसेनासा होतो. रिमझिम पावसात, ताशी १५-१८च्या वेगाने, व्हायझर बरेचसे थेंब काचेवर येऊ देत नाही. वेग वाढला किंवा खाडीवरचा वारा समोरून आला की पाऊस आडवा लागतो आणि पट्टीचा उपयोग संपतो. तरीही चष्मा असेल आणि पावसाळ्यात सायकल चालवणार असाल, तर मी व्हायझरच्या बाजूने आहे.

वाऱ्याचंही सांगायला हवं. घोडबंदर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर कंटेनर शेजारून गेला की हवेचा झोत बसतो. पट्टी मोठी असेल तर तो डोक्याला जाणवतो. डांबरी रस्त्यासाठी आखूड व्हायझरच बरा. लांब, वर उचललेला व्हायझर डोंगरातल्या पायवाटांसाठी असतो. तिथे पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि चेहऱ्यावर येणाऱ्या फांद्या अडवायला तो खरोखर लागतो.

पट्टी नको, पण ऊन तर आहे?

ड्रॉप हँडलवाल्यांसाठी हेल्मेटखाली घालायची पातळ सुती सायकलिंग कॅप हा सगळ्यात चांगला पर्याय. तिची चोच आखूड आणि मऊ असते, ऊन आलं की खाली, सिग्नल आला की बोटाने वर. घामही ती शोषते, ऑक्टोबरच्या उकाड्यात तो डोळ्यांत उतरत नाही. कॅप घातल्यावर मागची चकती पुन्हा जुळवून घ्या.

क्रिकेटची टोपी मात्र हेल्मेटखाली घालू नका. तिच्या शेंड्यावर कापडात मढवलेलं कडक बटण असतं. आदळल्यावर ते बरोबर टाळूत रुततं. तिची चोचही जाड आणि लांब, त्यामुळे हेल्मेट वर उचललं जातं.

मुलांसाठी

मुलं ताठ बसतात, त्यामुळे नजर अडण्याचा प्रश्न कमी येतो. पण ती पडतात जास्त आणि बऱ्याचदा तोंडावर. त्यांच्यासाठी हेल्मेटच्याच साच्यात घडवलेली, अडकण्याइतकी पुढे न येणारी आखूड पट्टी निवडा, किंवा मऊ आणि सहज निघणारी. खुंट्यांचा व्हायझर काढून टाकलात तर त्या खुंट्या लगेच डबीत ठेवा. लहान भावंड घरात असेल तर तोंडात घालण्याइतक्या त्या छोट्या असतात, आणि कंपनी त्या सुट्या सहसा विकत नाही.