दुसऱ्या गिअरची परीक्षा: छोटी दमदार हॅचबॅक कशी ताडून बघावी

गेल्या दिवाळीत भाचा कोरेगावहून एक वही घेऊन दुकानात आला. वहीत पाच गाड्या आणि प्रत्येकीपुढे एकच आकडा, हॉर्सपॉवरचा. अबार्थ पुंटो १४५, आय-ट्वेंटी एन लाइन १२०, अल्ट्रोझ रेसर १२०, पोलो जीटी टीएसआय १०५, बलेनो आरएस १०२. म्हणाला, "मामा, आकडे बोलतायत की. जुनी अबार्थ बघू का एखादी?" मी चहा सांगितला आणि त्याला वहीचं पुढचं पान उघडायला लावलं. त्यावर नवे रकाने आखले: वजन, दुसरा गिअर, तिसरा गिअर, ब्रेक, मागचा एक्सल, सीट. मग तीन रविवार आम्ही ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्या, मालकांना शेजारी बसवून, फिरवल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन महिन्याला चार पोरं तरी माझ्याकडे येतात.

साताऱ्यात माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. २००६ साली मी जुनी फियाट पॅलिओ १.६ घेतली होती, शंभर हॉर्सपॉवरची. स्टेअरिंग जड, पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहाताला कळायचा. मुलगी झाली तेव्हा विकली. अजूनही तशी दिसली की मी दुकानाच्या पायरीवर येऊन बघतो.

या गाड्यांचं वेड का लागतं हे शोरूममध्ये कळणार नाही. यवतेश्वरच्या घाटात चाळीसच्या वर जायला जागाच नसते. समोरून कासची बस येते, पहाटे पळायला आलेली मंडळी कडेनं असतात, पावसाळ्यात धुकं. मोठ्या महागड्या गाडीची ताकद तिथे झोपून राहते. छोट्या गाडीत त्याच चाळीसमध्ये गिअर, स्टेअरिंग, ब्रेक, सगळ्याला काम मिळतं आणि गाडी तुम्हाला उत्तर देते. हे उत्तर कुठली गाडी कसं देते, एवढंच ताडून बघायचं असतं.

सुरुवात वजनापासून करा. १९७६ साली विक्रीला आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयची ताकद ११० पीएस (म्हणजे वहीतले हॉर्सपॉवरच) होती आणि वजन साधारण ८१० किलो. भागाकार केला तर टनामागे १३६ पीएस येतात. एवढ्या जोरावर त्या गाडीनं जगभर या प्रकाराची गोडी लावली. बलेनो आरएसचं वजन ९५० किलो, म्हणजे टनामागे १०७. वहीतल्या प्रत्येक गाडीचा असा भागाकार करा. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर लिहिलेलं असतं. मग त्यात तुमचं आणि शेजारच्याचं मिळून १४० किलो मिळवा आणि पुन्हा भागा. बलेनो ९४ वर येते. शनिवारी बायको-पोरांना घेऊन महाबळेश्वरला जाणार असाल तर तीही माणसं आताच भागाकारात धरा.

आता टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. आपल्या भागात टर्बोला महत्त्व आहे ते डोंगरामुळे. वर जाल तशी हवा विरळ होते आणि साधं पेट्रोल इंजिन दर शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्का ताकद गमावतं. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत बारा-तेरा टक्के दम गेलेला असतो. पसरणी घाटात साध्या १.२ लिटरच्या गाडीतून चौघं जाताना जो जीव मेटाकुटीला येतो, त्यात हेही एक कारण आहे. टर्बो ही तूट बऱ्यापैकी भरून काढते. पण टर्बोला जागं व्हायला वेळ लागतो. हा वेळ आकड्यांच्या कुठल्याच तक्त्यात छापलेला नसतो, आणि घाटात सगळा खेळ त्याच्यावर असतो.

म्हणून दुसऱ्या गिअरची परीक्षा. आम्ही ती अशी घेतली: समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा चढ लागतो, तिथे सकाळी साडेसहाला, रस्ता मोकळा असताना. एसी बंद, गाडीत तेच दोघे, टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, तीही गाडी थंड असताना भरलेली. तीव्र वळणाला दुसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या आसपास वेग ठेवायचा आणि वळण उलगडायला लागलं की एक्सलेटर हळूहळू दाबायचा. मनात आकडे मोजा. एक म्हणेपर्यंत गाडी उचलते, की तीन म्हणावं लागतं? की पहिला गिअर मागते? पहिला मागणारी गाडी तुम्हाला रोज त्रास देईल, तिची ताकद कितीही असो. अबार्थ इथेच अडखळते. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन खाली सुस्त आहे, फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा अडीच हजाराच्या पुढे गेला की एकदम उसळतं. कुणाला ती उसळीच आवडते. मलाही आवडते, पण हायवेला. पोलोचं इंजिन याच्या उलट, दोन हजारच्या आतच खेचायला लागतं आणि सरळ रेषेत वाढत जातं.

तिसऱ्या गिअरची परीक्षा हायवेवर. शेंद्र्याच्या पुढे नागठाण्याच्या बाजूला, मागे-पुढे गाडी नसताना, तिसऱ्यात चाळीस ते ऐंशी. शेजारचा मोबाइलवर वेळ घेतो, चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही. तीन वेळा करा आणि मधला आकडा लिहा. ट्रकला मागे टाकताना लागतो तो जोर हाच. शून्य ते शंभरची परीक्षा मी कधी घेत नाही. क्लच जळतो आणि त्यातून रोजच्या चालवण्याबद्दल काही कळत नाही.

ब्रेक बघायचे ते परतीच्या उतारावर. अबार्थ, बलेनो आरएस आणि एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत. पोलो जीटी आणि अल्ट्रोझ रेसरला मागे ड्रम. एवढ्यावरून निकाल देऊ नका, कारण ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवरच येतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या, इंजिनाला गाडी धरू द्या, आणि खाली आल्यावर पेडल वर होतं तिथेच आहे का बघा. पेडल खोल जात असेल, जळका वास येत असेल, तर ब्रेक ऑइल आणि पॅडची चौकशी करा. सीटसाठी एकच गोष्ट सांगतो: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि त्याच बैठकीत मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे.

यातल्या बऱ्याच गाड्या नव्या मिळत नाहीत. बलेनो आरएस २०१७ ला आली आणि २०२० मध्ये बीएस-६ या धुराच्या नव्या नियमांच्या वेळी गेली. पोलो २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे जुनी गाडी बघणं आलं, आणि हा माझ्या हातातला विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

या पाचही गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच एक्सल. पुढची चाकं अलाइनमेंटला फिरवून जुळवता येतात. मागची सहसा जुळवता येत नाहीत, कारखान्यातून जशी येतात तशी राहतात. म्हणून मशीनवर मागच्या चाकांचं रीडिंग घेतलं की गाडीचा इतिहास बाहेर येतो. टो (चाक पुढून किती आत-बाहेर वळलंय) आणि कॅम्बर (चाक वरून किती कललंय) कंपनीच्या मर्यादेत आहे का, डाव्या-उजव्या चाकात फरक किती, हे बघा. एक चाक आत आणि दुसरं बाहेर बघत असेल तर मागचा एक्सल कधीतरी जोरात आपटलाय. रंग कितीही चकचकीत असो. गाडी घेण्याआधी मालकाला सांगा, पाच-सहाशे रुपये मी देतो, पण अलाइनमेंट मशीनवर लावू. तो नको म्हणाला तर तेही उत्तरच समजा.

सांगलीला आम्ही अशीच एक टर्बो हॅचबॅक बघायला गेलो होतो. एक्केचाळीस हजार रनिंग, भाव पटण्यासारखा, आतलं कापडसुद्धा नवं. भाच्याने वाटेत सीट कव्हरचा रंगही ठरवला होता. मित्राच्या दुकानात मशीनवर घेतली तर मागचं डावं चाक उजव्यापेक्षा कितीतरी आत. स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी तिरकी चालणार, टायर एका बाजूनं खाणार, आणि घाटात एका हाताच्या वळणाला एक गाडी, दुसऱ्या हाताच्या वळणाला दुसरीच. मालक म्हणाला, अलाइनमेंट केलं की बसेल. मी नाही म्हटलं आणि आम्ही निघालो. इस्लामपूर येईपर्यंत भाचा एक शब्द बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण ती गाडी मी माझ्या बहिणीच्या पोराला घेऊ दिली नसती.

टायरवर DOT शिक्क्याच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. अशा टायरवर गाडी चालवून "हिला पकड नाही" म्हणू नका. आधी टायर चांगले असलेली तीच गाडी शोधा. आणखी एक सोय: अबार्थ, बलेनो आरएस, एन लाइन आणि नंतरच्या पोलो जीटीला १९५/५५ आर१६ हेच माप आहे. सहज मिळतं. अल्ट्रोझ रेसरला १८५/६० आर१६, तिथे दुकानात निवड कमी असते.

इंजिनाकडे बघताना पोलो टीएसआय, एन लाइन आणि बलेनो आरएस यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडून ते धुतले जात नाहीत आणि कालांतराने काजळी धरते. फक्त शहरात रांगलेली गाडी असेल तर थंड असताना चालू करून बघा, थरथरते का. अबार्थच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे; तो केव्हा बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदलायचा खर्च भावातून वजा करा. ऑइल वेळेवर बदलल्याच्या नोंदी तर कुठल्याही टर्बोला हव्यातच. आणि घाट चढून आल्यावर मालक लगेच किल्ली फिरवतो का, हे सहज बघून ठेवा. अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवणारा माणूस गाडीची काळजी घेणारा असतो.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. जुन्या १.२ लिटर पोलो जीटीला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, तोही ऑइलमध्ये न बुडालेल्या ड्राय क्लचचा. बदल विजेसारखे, पण चढावरच्या गर्दीत एक्सलेटरवर गाडी रोखून धरली की क्लच तापतो. तिथे ब्रेकच वापरायचा. एन लाइन २०२१ ला आली तेव्हा क्लच पेडल नसलेला आयएमटी होता, २०२३ पासून सहा गिअरचा साधा मॅन्युअल मिळाला. चालवण्याच्या आनंदासाठी घेत असाल तर २०२३ नंतरचीच बघा.

माझं मत विचाराल तर असं. हायड्रॉलिक स्टेअरिंगसाठी आणि त्या उसळीसाठी अबार्थसारखी दुसरी नाही, पण १५५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स घेऊन कारखान्याच्या सीझनमध्ये उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यावरून रोज गावाला जायचं असेल तर नको. शिवाय पुंटो बंद झाल्यामुळे तिचे खास भाग शोधत हिंडावं लागतं. तिला घरात दुसरी गाडी म्हणून ठेवा. एन लाइन सगळ्यांत सफाईदार, आवाजही गोड. अल्ट्रोझ रेसर हायवेवर सर्वांत घट्ट बसते, आणि अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते; घरच्यांचा विचार करणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. बलेनो आरएस हलकी, चपळ, पेट्रोलला बरी. स्टेअरिंग मात्र मुकं. आणि २०२० नंतरची एक लिटर टीएसआय पोलो, ११० पीएस आणि सहा गिअरची मॅन्युअल, घाटासाठी माझी पहिली पसंती. मागे जागा कमी आहे, हे मान्य.

पोरं लगेच रीमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायचं विचारतात. आधी टायर, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचे बुश नवे करा, मग सहा महिने चालवा. कंपनीच्या ठेवणीत बदल केला की वॉरंटी जाते, विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. अपघातानंतर दावा नाकारला गेला की घर बसतं.

भाच्याने शेवटी पुण्याची २०२१ ची पोलो घेतली, मॅन्युअल. मागच्या एक्सलचं रीडिंग अगदी काट्यावर होतं. पुढचे दोन टायर जुने निघाले ते बदलले, हवा भरली, आणि पहिल्याच रविवारी आईला पुढच्या सीटवर बसवून तो कासला गेला. माझ्या बहिणीला घाटात नेहमी उलटी होते, कोरेगावहून निघतानाच ती लिंबू हातात धरून बसते. परत येताना दुकानात थांबली आणि लिंबू माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "ह्या वेळी लागलंच नाही रे." भाच्याने वही काढून सीटच्या रकान्यात ते लिहिलं.